घसरणीचा हिशेब

किरणोत्साराच्या अपघातात सापडलेला माणूस डॉक्टरांपुढे येतो तेव्हा त्याच्या अंगाने किती मात्रा सोसली हे सांगणारं उपकरण सहसा त्याच्याजवळ नसतं. म्हणून 1945 च्या हिरोशिमापासून वैद्यक रक्ताकडे वळत आलं आहे. या वाटचालीत तंत्रं बारीक होत गेली, तरी पहिल्या दोन दिवसांतले निर्णय रक्तपेशींच्या साध्या मोजणीवर, म्हणजे सीबीसीवरच उभे राहिले. अट इतकीच की ती दर काही तासांनी पुन्हा करायची. कारण लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी. झपाट्याने विभागणाऱ्या पेशी किरणांना लवकर बळी पडतात, हा 1906 पासूनचा नियम. लिम्फोसाइट मात्र विभागत नसतानाही मरतात आणि मात्रा जितकी मोठी, तितकी त्यांची संख्या वेगाने कोसळते. तिसऱ्या ते सहाव्या दिवसात मायक्रोलिटरमागे त्या 800 च्या वर असतील तर आजार सौम्य समजतात. 100 च्या खाली गेल्या तर जगण्याची आशा फार थोडी उरते.

1986 मध्ये चेर्नोबिलला 237 जणांवर तीव्र किरणोत्सार-विकाराचा संशय होता. तो पक्का ठरला 134 जणांत. ही चाळणी लागली ती लक्षणांबरोबर रक्ताची घसरण वाचून. पण तिथेच तिची मर्यादाही दिसली. 13 जणांवर अस्थिमज्जा-रोपण झालं आणि त्यातले बहुतेक दगावले. वाचलेल्यांची स्वतःची मज्जाच पुन्हा कामाला लागली. पेशी किती गेल्या हे आकडा सांगतो, पण मज्जेत कुठे बीज शिल्लक आहे का, याबद्दल तो मुका राहतो. पुढच्याच वर्षी ब्राझीलच्या गोयानियात भंगारात गेलेल्या सीझियमने चौघांचा जीव घेतला, आणि तपासणीसाठी लाखाहून अधिक लोक लोटले. त्यांतल्या हजारोंना उलट्या, पुरळ अशी लक्षणं होती, पण अंगावर किरणोत्साराचा मागमूस नव्हता. भीतीने उलटी होते. लिम्फोसाइट त्या प्रमाणात घटत नाहीत. गर्दीत रक्ताची साक्ष लाखमोलाची ठरते ती यासाठी.

यावर आक्षेप असा की संसर्ग, स्टेरॉइड किंवा मोठी दुखापत यांनीही लिम्फोसाइट घटतात. ते खरं आहे, आणि म्हणूनच एका सुट्या आकड्यावर विसंबू नये. घसरणीची रेघ तपासावी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारातल्या कोबाल्ट-60 ने एकाचा बळी घेतला. तिथे किरणं कळत नकळत अनेक दिवस लागत राहिली. सुरुवातीची घटका ठाऊक नसेल तर घसरण कुठून मोजणार? अशा वेळी गुणसूत्रं बोलतात. किरणांनी तुटलेले तुकडे चुकीचे जुळून दोन गुणसूत्रबिंदूंचं गुणसूत्र तयार होतं. एरवी ते हजार पेशींत जेमतेम एखादं सापडतं. 1960 च्या दशकात रुळलेली ही गणना मात्रेचा भक्कम पुरावा देते, पण पेशी वाढवायलाच सुमारे 48 तास लागतात आणि पुढे सूक्ष्मदर्शकाखाली प्रशिक्षित नजर लागते. तोवर रुग्णाला कुठे ठेवायचं, पेशीवर्धक औषध कोणाला आधी द्यायचं, हे ठरलेलं असावं लागतं.

म्हणून दोन्ही चाचण्यांना एकमेकींच्या स्पर्धक मानणं चूक आहे. पहिली उपचाराची रांग लावते, दुसरी नंतर तो हिशेब तपासते. जिल्हा रुग्णालयात गुणसूत्रांची प्रयोगशाळा उभारणं अवघड; सीबीसीचं यंत्र मात्र बहुधा आधीच असतं. तिथे उणीव राहते ती प्रत्येक नमुन्यावर वेळ लिहिण्याच्या आणि सहा तासांनी पुन्हा रक्त घेण्याच्या सवयीची.