शेतीचे तंटे आणि दिवाणी न्यायालय



मे महिन्यात मशागत संपते आणि बांधावरचे तंटे सुरू होतात. कोणाची गाडीवाट नांगरली जाते, कोणाचा बांध दोन हात सरकतो, तर कोणाच्या नावावर नसलेली फेरफार नोंद अचानक दिसू लागते. अशा वेळी आपण तलाठी, पोलीस ठाणे, तहसील आणि प्रांत अशा कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवितो. या धावपळीत एक-दोन हंगाम जातात आणि नेमक्या ज्या न्यायालयात जावयास हवे होते, तेथील मुदत टळून गेलेली असते. पिकावर रोग कोणता हे ओळखल्याशिवाय आपण औषध फवारत नाही. तंट्याचेही तसेच आहे. तो कोणत्या जातीचा आहे हे आधी ओळखावे आणि मग दार ठोठवावे.

दिवाणी न्यायालय म्हणजे काय?

हक्कांसंबंधीचे वाद ज्या सर्वसाधारण न्यायालयांत चालतात, त्यांना दिवाणी न्यायालये म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ९ प्रमाणे दिवाणी स्वरूपाचा कोणताही वाद ऐकण्याचा अधिकार या न्यायालयांना आहे. एखाद्या कायद्याने तो अधिकार स्पष्टपणे अथवा ओघाने काढून घेतला असेल, तेवढेच वाद त्यास अपवाद होत. म्हणजे दिवाणी न्यायालय हा राजमार्ग असून महसूल अधिकारी, ग्राहक आयोग इत्यादी त्याच्या बाजूला ठरावीक कामासाठी काढलेल्या वाटा आहेत.

तालुक्याच्या ठिकाणी साधारणतः दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांचे न्यायालय असते. त्यावर वरिष्ठ स्तर, नंतर जिल्हा न्यायालय आणि शेवटी उच्च न्यायालय अशी चढण आहे. दावा कोठे दाखल करावयाचा हे मिळकत कोठे आहे आणि दाव्याचे मूल्यांकन किती आहे यावर ठरते.

या न्यायालयाचे वैशिष्ट्य असे की, ते दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकते, कागद तपासते, साक्षीदारांची उलटतपासणी होऊ देते आणि मगच कारणे देऊन निकाल देते. त्याच पक्षकारांमध्ये त्याच मुद्द्यावर एकदा अंतिम निकाल झाला की तोच वाद पुन्हा उकरून काढता येत नाही. तंटा कायमचा मिटविण्याची ही ताकद फेरफार नोंदीत अथवा पोलीस ठाण्यातील जबाबात नसते.

सातबारा म्हणजे मालकी नव्हे

आपल्याकडे सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद खरी आहे असे मानले जाते, परंतु ते विरुद्ध शाबीत होईपर्यंतच. फेरफार नोंदीने मालकी हक्क निर्माण होत नाही अथवा नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सावर्णी विरुद्ध इंदर कौर या प्रकरणात स्पष्ट केले आणि त्यानंतरही अनेकदा सांगितले. नोंदीचा मुख्य उपयोग शेतसारा कोणाकडून घ्यावयाचा हे ठरविण्यासाठी आहे.

एक उदाहरण घेऊ. वडील वारल्यावर थोरल्या भावाचे नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागले. पुढे संगणकीकरणात अथवा नव्या सातबाऱ्यावर 'ए.कु.मॅ.' ही अक्षरे गळून पडली. आता धाकट्यास वाटते की आपला हिस्सा बुडाला आणि थोरल्यास वाटते की सारी जमीन आपली झाली. वस्तुतः दोघांचाही समज चुकीचा आहे. वडिलोपार्जित जमिनीतील हिस्सा या अक्षरांबरोबर जात नाही. त्याचप्रमाणे बहिणीचे नाव वारस नोंदीत घातले नाही म्हणून तिचा हक्क संपत नाही. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीस मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद मानले आहे आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला आहे. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी अथवा विक्री यामुळे उलटत नाही.

हिस्सा किती, मृत्युपत्र खरे की खोटे, खरेदीखत कायदेशीर की नाही, हे प्रश्न मंडळ अधिकारी ठरवू शकत नाही. ते दिवाणी न्यायालयानेच ठरवावयाचे असतात. तरीही चुकीच्या नोंदीकडे दुर्लक्ष करू नये. फेरफाराची नोटीस मिळताच १५ दिवसांच्या आत लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. नोंद प्रमाणित झाल्यास ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करावे.

कोणता तंटा, कोणते दार?

१) वहिवाटीचा रस्ता अडविला, पाण्याचा नैसर्गिक प्रवाह रोखला अथवा जबरीने ताबा काढून घेतला : मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र घटना घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल केला पाहिजे. ही दाद तातडीची व तात्पुरती असते. दिवाणी न्यायालयाचा निराळा निकाल होईपर्यंतच ती टिकते.

२) शेतात जाण्यास रस्ताच नाही, बांधावरून नवीन हवा : जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा. त्यांचा निर्णय मान्य नसल्यास निर्णयाच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

३) हद्दीचा वाद : प्रथम भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून 'क' प्रत नकाशा घ्यावा. अतिक्रमण निघाल्यास व शेजारी ते सोडत नसल्यास ताब्यासाठी दिवाणी दावा करावा.

४) मालकी, वाटप, खरेदीखत रद्द करणे, विसार पावती अथवा साठेखताची पूर्तता, वहिवाटीचा सुविधाधिकार : हे सर्व दिवाणी न्यायालयाचे विषय आहेत. वाटपाच्या दाव्यात न्यायालय हिस्से ठरविते, परंतु शेतसारा आकारलेल्या जमिनीची प्रत्यक्ष फाळणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, हे लक्षात ठेवावे.

५) कुळ आहे की नाही : हा प्रश्न कुळकायद्याखालील अधिकारीच ठरवितात. दिवाणी दाव्यात तो उपस्थित झाल्यास न्यायालय तेवढा मुद्दा त्यांच्याकडे पाठविते.

६) सदोष बियाणे : शेतकरी हा ग्राहक असून तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात ठरविले. आज ही तक्रार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत करावी.

७) मारहाण, धमकी, पिकाची नासधूस : पोलिसांत फिर्याद जरूर द्यावी. परंतु जमीन कोणाची हे पोलीस ठरवू शकत नाहीत.

मुदत : पेरणीसारखीच वेळेवर

मृगाची पेरणी पौषात करून चालत नाही, तसेच दाव्याचे आहे. हक्क कितीही खरा असला तरी मुदत टळल्यावर न्यायालय सहसा मदत करू शकत नाही. मुदत कायदा, १९६३ व इतर कायद्यांतील पुढील मुदती ध्यानात ठेवाव्यात.

• जबरीने काढलेला ताबा मालकीच्या प्रश्नात न शिरता परत मिळविण्यासाठी, विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली : ६ महिने.
• मालकीच्या आधारे ताबा मिळविण्यासाठी : प्रतिपक्षाचा ताबा आपल्या हक्काविरुद्ध झाल्यापासून १२ वर्षे.
• एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळले गेल्यास हिस्सा मिळविण्यासाठी : वगळल्याचे समजल्यापासून १२ वर्षे.
• साठेखताप्रमाणे खरेदीखत करून घेण्यासाठी : ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षे. तारीख ठरली नसल्यास नकार समजल्यापासून ३ वर्षे.
• दिवाणी न्यायालयाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील : ३० दिवस.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. कलम १४३ च्या निर्णयाविरुद्ध काही शेतकरी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत अपिले करीत राहतात. तेथे तारखा पडत असताना दिवाणी दाव्याचे एक वर्ष निघून जाते. म्हणून निर्णयाची नक्कल हाती पडताच तिच्यावरील तारीख पाहावी आणि त्याच आठवड्यात वकिलाचा सल्ला घ्यावा.

दावा कसा चालतो?

दावा दाखल झाल्यावर प्रतिवादीस समन्स जाते. त्याने ३० दिवसांत कैफियत द्यावयाची असते. न्यायालय कारणे पाहून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. समन्स घेण्यास टाळाटाळ करणे अथवा तारखेस न जाणे हा शहाणपणा नव्हे. गैरहजर राहिल्यास एकतर्फी निकाल होऊ शकतो. त्यानंतर वादाचे मुद्दे निघतात, पुरावा होतो, युक्तिवाद होतो आणि निकालाप्रमाणे हुकूमनामा तयार होतो. विरोधी पक्ष हुकूमनामा पाळत नसल्यास दरखास्त दाखल करून अंमलबजावणी करून घ्यावी लागते.

दावा चालू असताना उभे पीक कापून नेण्याची अथवा जमीन विकण्याची भीती असल्यास तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज करता येतो. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. आपली बाजू प्रथमदर्शनी सबळ आहे, मनाई न दिल्यास आपली गैरसोय अधिक होईल आणि पैशाने भरून न येणारे नुकसान होईल. जागेवरील परिस्थिती न्यायालयासमोर यावी म्हणून कोर्ट कमिशनर नेमण्याची विनंतीही करता येते. शासनाविरुद्ध दावा असल्यास सर्वसाधारणपणे दोन महिन्यांची आगाऊ नोटीस द्यावी लागते.

खर्च आणि तडजोड

दाव्यास वेळ लागतो आणि पैसाही लागतो, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. दोन गुंठ्यांच्या बांधासाठी दोन एकर विकल्याची उदाहरणे गावोगाव ऐकू येतात. म्हणून दावा लावण्यापूर्वी जमिनीची किंमत, पुराव्याची ताकद आणि लागणारी वर्षे यांचा ताळेबंद मांडावा.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग तसेच ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या व्यक्तींना मोफत वकील मिळू शकतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही. यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा.

लोकअदालतीत झालेल्या तडजोडीस दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. तिच्यावर अपील नसते आणि प्रलंबित दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. भावाभावांतील वाटप व शेजाऱ्यांतील वाट यांसाठी हा मार्ग फार उपयुक्त आहे. कारण निकाल लागला तरी विहिरीवर आणि बांधावर रोज एकमेकांचे तोंड पाहावयाचेच असते. मात्र तडजोडीच्या मसुद्यात गट नंबर, चतुःसीमा, रस्त्याची रुंदी आणि पाण्याच्या पाळ्या स्पष्ट लिहून घ्याव्यात. वाचून समजल्याशिवाय सही अथवा अंगठा करू नये.

आजच करावयाची कामे

सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, खरेदीखत, मोजणी नकाशा आणि साऱ्याच्या पावत्या एका फाईलमध्ये लावून ठेवाव्यात. वर्षातून एकदा तरी स्वतःचा सातबारा काढून नावे, क्षेत्र आणि इतर हक्क हे रकाने वाचावेत. प्रत्येक अर्जाची तारखेसह पोच घ्यावी. वाद झालाच तर घटनेची तारीख त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी. मुदत मोजताना तीच तारीख उपयोगी पडते.

जमीन राखण्यासाठी घाम जितका लागतो तितकीच जागरूकताही लागते. न्यायालय दुबळ्याचाही आधार आहे, परंतु त्याच्या दाराशी वेळेवर आणि कागद घेऊन पोहोचणे आपल्याच हाती आहे.