माहितीचा कारभार (भाग ३) : एक तिकीट, तीन प्रश्न

‘मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम्स’, म्हणजेच एमआयएसचा कोणताही प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम घ्या, सुरुवातीच्या काही आठवड्यांतच पडद्यावर एक त्रिकोण येतो. तळाला रोजचे व्यवहार, मध्ये नियंत्रण, शेंड्याला धोरण. हार्वर्डच्या रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ साली व्यवस्थापनाच्या निर्णयांची अशी तीन पातळ्यांत विभागणी केली आणि पुढे पाठ्यपुस्तकांनी तिला त्रिकोणाचं रूप दिलं. विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात, आठवड्याच्या चाचणीत योग्य पर्याय निवडतात आणि पुढच्या व्हिडिओकडे वळतात. त्रिकोण पाठ होतो, पण तिन्ही पातळ्यांवरची माणसं एकाच नोंदीकडे किती वेगळ्या नजरेनं पाहतात, ते मात्र ध्यानात येत नाही. म्हणून या आठवड्यात हा त्रिकोण आपल्या सर्वांच्या ओळखीच्या यंत्रणेला लावून पाहू. ती यंत्रणा म्हणजे रेल्वेचं आरक्षण.

तळ : बर्थ एकच, गिऱ्हाइकं दोन

१९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत आरक्षण हातानं होत असे. प्रत्येक गाडीचं आणि तारखेचं पान वेगळं. ज्या खिडकीमागे त्या गाडीचं रजिस्टर, त्याच खिडकीसमोर रांग लावायची. परतीचं आरक्षण हवं असेल तर दुसऱ्या स्टेशनला तार जायची आणि उत्तराची वाट पाहावी लागायची. १९८६ साली दिल्लीत सीएमसी या सरकारी कंपनीनं तयार केलेली ‘इम्प्रेस’ ही संगणकीय प्रणाली सुरू झाली आणि कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद इथेही संगणक आले, पण प्रत्येक केंद्राचा कारभार स्वतंत्र होता. ही पाच केंद्रं एकमेकांना जोडायला १९९९ साल उजाडलं. ते काम रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेच्या ‘कॉन्सर्ट’ प्रणालीनं केलं. २००२पासून आयआरसीटीसीच्या संकेतस्थळामुळे तिकिटाची खिडकी घरात आली.

या पातळीवरचा प्रश्न अगदी साधा असतो : हा बर्थ रिकामा आहे का? उत्तर मात्र क्षणात आणि अचूक मिळायला हवं. एकाच बर्थवर दोन ठिकाणांहून एकाच वेळी मागणी आली, तर एकाला देईपर्यंत दुसऱ्याला थांबवणं हे यंत्रणेचं काम. व्यवहार एकतर पुरा व्हायला हवा, नाहीतर झालाच नाही असं धरून पैसे परत जायला हवेत. अभ्यासक्रमात ‘ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग’ म्हणतात ते हेच. इथे चूक झाली, तर वरच्या दोन्ही पातळ्यांवरचे आकडे आपोआप खोटे पडतात.

मध्य : कोणत्या दिवशी, किती जण

आता गणपतीचे दिवस घ्या. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या गाड्यांची आरक्षणं सुरू होताच भरतात आणि वेटिंग लागतं. नियोजन करणाऱ्या अधिकाऱ्याला बत्तीस नंबरच्या बर्थवर कोण आहे, याच्याशी कर्तव्य नसतं. चतुर्थीच्या आदल्या तीन दिवसांत कोणत्या गाडीला, कोणत्या वर्गात वेटिंग वाढतंय, आणि कुठल्या गाडीत अजून जागा आहे, हे त्याला हवं असतं. म्हणजे तिकिटं तीच, पण आता ती एकेक करून पाहायची नाहीत. त्यांची बेरीज करायची, तारीखवार मांडायची आणि नेहमीपेक्षा वेगळं काय दिसतं तेवढंच वेगळं काढायचं. त्या कागदावरून डबा जोडायचा की जादा गाडी सोडायची, हे ठरतं.

निर्णय मात्र त्या एका कागदावर भागत नाही. कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग एकेरी आहे. रोहा ते वीर हा टप्पा २०२१मध्ये दुहेरी झाला, पण पुढे समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावंच लागतं. वेटिंगचा आकडा ‘गाड्या वाढवा’ म्हणतो, पण रुळांवर जागा आहे का, याचं उत्तर आरक्षणाच्या यंत्रणेत नसतं. मधल्या पातळीवरचं कौशल्य म्हणजे दोन यंत्रणांमधली माहिती एका टेबलावर आणणं.

शेंडा : नियमच बदलायचा का?

वरच्या पातळीवर एखाद्या गाडीचा किंवा सणाचा प्रश्न नसतो. तिथे नियमच तपासला जातो. एप्रिल २०१५मध्ये रेल्वेनं आगाऊ आरक्षणाची मुदत ६० दिवसांवरून १२० दिवस केली होती. १ नोव्हेंबर २०२४पासून ती पुन्हा ६० दिवसांवर आली. हा बदल करताना रेल्वेनं दिलेलं कारण या धड्यासाठी अगदी नेमकं आहे. ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे २१ टक्के रद्द होत होती आणि सुमारे ५ टक्के प्रवासी तिकीट रद्दही करत नव्हते आणि गाडीतही येत नव्हते. खिडकीवरच्या कारकुनाला हे कधीच दिसलं नसतं, कारण त्याच्यासाठी रद्द झालेलं तिकीट म्हणजे पुन्हा विकायला मिळालेला एक बर्थ. कित्येक महिन्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्या, की त्याच रद्द तिकिटांतून नियमाचा दोष दिसू लागतो.

नोंदीत नसलेला प्रवासी

इथवर सगळं छान जुळतं. पण १९६७ साली रसेल अकॉफ यांनी या विषयाच्या बाल्यावस्थेतच एक गाजलेला लेख लिहून उत्साहाला लगाम घातला. व्यवस्थापकांना माहिती कमी पडते, असं सगळे धरून चालतात, पण त्यांचा मोठा त्रास निरुपयोगी माहितीच्या ढिगाऱ्याचा असतो, असं त्यांचं म्हणणं. शिवाय निर्णय कसा होतो हेच नीट कळलं नसेल, तर माणूस ‘सगळं काही पाठवा’ एवढंच सांगतो.

वेटिंगच्या यादीला हे लावून पाहा. यादी एका मर्यादेपर्यंतच वाढते. त्यानंतर ‘रिग्रेट’ येतं आणि तिकीटच मिळत नाही. तो शब्द वाचून एसटीच्या वाटेला लागलेल्या माणसाचा विकलेल्या तिकिटांत पत्ताच नसतो. उलट, खबरदारी म्हणून दोन गाड्यांची तिकिटं काढून ठेवणारा दोनदा मोजला जातो. म्हणजे एकच यादी मागणी कमीही दाखवते आणि जास्तही. आकडा खोटा नाही. तो तिकिटं मोजतो, गरज मोजत नाही, एवढंच.

तुम्ही ज्या ऑनलाइन वर्गात बसता, त्याचीही हीच गत. कोणी किती व्हिडिओ पाहिले, कोणत्या प्रश्नावर बहुतेकांची उत्तरं चुकली, किती जणांनी अभ्यासक्रम मध्येच सोडला, या तीन पातळ्यांवरच्या नोंदी तिथेही होतात. व्हिडिओ शेवटपर्यंत चालू ठेवून ज्याला काहीच कळलं नाही, त्याची हजेरी मात्र शंभर टक्के लागते.

या आठवड्याचा अभ्यास : तुमच्या ओळखीची एक यंत्रणा निवडा. दूध संकलन केंद्र, पतसंस्था, एसटीचं आगार, काहीही चालेल. तिथली एकच नोंद घ्या आणि तिच्यावर तीन पातळ्यांवरून विचारता येतील असे तीन प्रश्न लिहा. मग चौथा प्रश्न लिहा : या नोंदीत कोण येतच नाही? पहिल्या तिन्हींची उत्तरं यंत्रणेत सापडतील. चौथ्यासाठी मात्र त्या केंद्रात, त्या आगारात जाऊन माणसांशी बोलावं लागेल.

पुढच्या भागात : या नोंदी साठवायच्या कशा? एकच पत्ता तीन ठिकाणी लिहिला, की काय घोळ होतो?