लॉस्ट जजमेंट : मारामारी चोख, तपास अपुरा

‘लॉस्ट जजमेंट’ हा जपानी व्हिडिओ गेम २४ सप्टेंबर २०२१ रोजी जगभर एकाच दिवशी विक्रीला आला. सेगा कंपनीच्या र्‍यू गा गोतोकु स्टुडिओने २०१८च्या डिसेंबरमध्ये जपानात आणलेल्या ‘जजमेंट’चा हा दुसरा भाग. दोन्ही भागांचा नायक ताकायुकी यागामी. तो पूर्वी वकील होता. त्याने ज्या आरोपीला निर्दोष सोडवले, त्याच्यावरच पुढे खुनाचा आरोप आला आणि यागामीने वकिली सोडून खासगी गुप्तहेराचा व्यवसाय धरला. नायकाचा चेहरा आणि जपानी आवाज ताकुया किमुरा या नामवंत अभिनेत्याचा आहे. एकेकाळी याकुझा टोळीत असलेला मासाहारू काइतो हा त्याचा जोडीदार. डोके एकाचे आणि दांडगाई दुसऱ्याची, अशी ही जोडी पहिल्याच भागात खेळाडूंच्या पसंतीस उतरली होती.

दुसऱ्या भागाची सुरुवात न्यायालयात होते. रेल्वेत एका स्त्रीचा विनयभंग केल्याबद्दल एका पोलिसाला शिक्षा सुनावली जाते आणि त्याच क्षणी तो योकोहामात सापडलेल्या एका प्रेताची ओळख भर न्यायालयात सांगतो. तो मृतदेह एका तरुण शिकाऊ शिक्षकाचा असतो. काही वर्षांपूर्वी याच पोलिसाच्या मुलाने शाळेतल्या छळाला कंटाळून आत्महत्या केलेली असते, आणि छळणाऱ्यांत हा मृत तरुण होता. खून पोलिसानेच केला असे मानायला सबळ कारण आहे. पण खुनाच्या वेळी तो रेल्वेत गुन्हा करत होता, हे न्यायालयानेच मान्य केलेले. म्हणजे शिक्षेचा निकाल हाच त्याच्या बचावाचा पुरावा ठरतो. रहस्यकथेला याहून पक्का पाया क्वचितच मिळतो. कोड्याची उकल इथे सांगणे वाचकावर अन्यायाचे होईल.

या कथानकामागचे सामाजिक वास्तव काल्पनिक नाही. जपानच्या शाळांत एका मुलाला सगळ्यांनी मिळून छळण्याचे प्रकार वर्षानुवर्षे घडत आले आहेत. ओत्सू शहरातल्या एका विद्यार्थ्याने २०११मध्ये आत्महत्या केल्यानंतर देशभर संताप उसळला आणि २०१३मध्ये शाळांतील छळ रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. खेळाने हा विषय तोंडी लावण्यापुरता घेतलेला नाही. जिथे कायदा हात टेकतो, तिथे सूड घेणाऱ्याला चूक म्हणायचे का, हा प्रश्न जिन कुवाना या पात्राच्या तोंडून पुन्हा पुन्हा विचारला जातो. कुवाना खलनायक आहे की न्याय देणारा, हे ठरवणे यागामीलाही सोपे जात नाही आणि खेळाडूलाही नाही. मारामारीच्या खेळातून इतका कठीण नैतिक पेच इतक्या गांभीर्याने हाताळला जाणे, हे या कृतीचे सर्वांत मोठे यश मानावे लागेल.

दुसरे यश हाणामारीचे. पहिल्या भागात यागामीच्या दोन लढण्याच्या पद्धती होत्या. ‘व्याघ्र’ पद्धत एकट्या तगड्या शत्रूसाठी आणि ‘सारस’ पद्धत घोळक्यासाठी. इथे ‘सर्प’ ही तिसरी आली. तिच्यात यागामी समोरच्याचा वार त्याच्यावरच उलटवतो, हातातले शस्त्र काढून घेतो आणि घाबरलेल्याला शरण आणतो. शाळकरी मुलांशी गाठ पडणाऱ्या कथेत फार इजा न करता आवरणारी ही पद्धत शोभूनही दिसते. लढता लढता एका पद्धतीतून दुसरीत सहज जाता येते, आणि पडद्यावरची हालचाल पाण्यासारखी वाहती राहते. २०२०च्या ‘याकुझा : लाइक अ ड्रॅगन’मध्ये याच स्टुडिओने थेट हाणामारी सोडून पाळीपाळीने चाल करण्याची पद्धत स्वीकारली होती. हातघाईची हौस असलेल्या जुन्या खेळाडूंसाठी त्या वेळी ‘लॉस्ट जजमेंट’ हेच हक्काचे ठिकाण उरले.

कमतरता दिसते ती नेमकी गुप्तहेरीत. पहिल्या भागातले लांबलचक पाळतीचे प्रसंग कंटाळवाणे होते, अशी तक्रार झाली होती. दुसऱ्या भागात ते कमी केले आणि भिंती चढणे, लपतछपत शिरणे, दूरचे संभाषण ऐकणारे यंत्र, वास घेत माग काढणारा शिबा जातीचा कुत्रा अशी भर घातली. साधने वाढली, तर्काला वाव मात्र वाढला नाही. चढण्याची वाट ठरलेली असते. लपण्याची जागा आणि पहारेकऱ्याला चकवण्याची वेळही ठरलेलीच. चुकीचा पुरावा पुढे केला तर खेळ पुन्हा विचारतो आणि बरोबर उत्तर मिळेपर्यंत थांबतो. चुकीच्या निष्कर्षाने कथेत काहीही बिघडत नाही. एखाद्या निर्दोषावर संशय घेण्याची मुभाच नसेल, तर खऱ्या गुन्हेगाराला पकडण्याचा आनंद खेळाडूचा राहत नाही, तो लेखकाचा होतो. अनेकदा खेळाडूला उत्तर आधीच उमगलेले असते आणि यागामीला ते उमगण्याची वाट पाहावी लागते.

तपासाच्या निमित्ताने यागामी एका शाळेतही जातो; तिथल्या उपकथांचा दर्जा सारखा नाही. सेइर्‍यो शाळेच्या रहस्य मंडळाचा बाहेरचा सल्लागार म्हणून यागामी वर्गांत वावरतो, आणि नृत्य, यंत्रमानव, मुष्टियुद्ध, मोटारसायकलवाली टोळी अशा गटांत मिसळतो. यातल्या काही कथा मुख्य कथेपेक्षाही जिव्हाळ्याच्या आहेत. मुलांवर कुणी मोठ्या माणसाने विश्वास टाकला की काय घडते, ते तिथे दिसते. मात्र पुढे सरकण्यासाठी तेच लहान खेळ वारंवार खेळावे लागतात. यंत्रमानवांच्या सामन्यांपाशी तर अनेकांचा धीर सुटतो. शिवाय मुष्टियुद्ध ही लढण्याची चौथी पद्धत जादा पैसे मोजून घ्यावी लागते, हे खटकते. काइतोला नायक करणारी ‘द काइतो फाइल्स’ ही पुरवणीही २०२२च्या मार्चमध्ये वेगळी विकली गेली. ती आटोपशीर असून घेण्याजोगी आहे.

एक दोष मात्र तांत्रिक नाही. अन्याय झालेल्यांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या या कथेत रेल्वेतल्या घटनेतली स्त्री दुय्यम राहते. तिच्यावर गुदरलेला प्रसंग पुरुषांच्या डावपेचातला दुवा म्हणून वापरला जातो. छळाविषयी इतके पोटतिडकीने बोलणाऱ्या खेळात ही उणीव जास्तच बोचते.

संगणकावर हा खेळ २०२२च्या सप्टेंबरपासून मिळतो. हिंसा आणि आत्महत्येच्या विषयामुळे तो प्रौढांनीच खेळावा. शाळकरी मुलाच्या हाती देण्याचा हा खेळ नाही. पहिला भाग आधी खेळलेला असणे आवश्यक नसले, तरी पात्रांचे जुने संबंध कळायला त्याची मदत होते. स्वतःच्या बुद्धीने कोडे सोडवू पाहणाऱ्याची इथे निराशा होईल; चांगली गोष्ट आणि उत्तम हाणामारी एकत्र हवी असणाऱ्याने मात्र ‘लॉस्ट जजमेंट’ जरूर खेळावा.