हरण्या रोगास औषध का नाही?

जळगाव जिल्ह्यातील केळीबागायतदारांस हरण्या रोग नवा नाही. कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे उमटतात, पाने आखूड व अरुंद होतात आणि रोग बळावला म्हणजे पोंगा सडतो. अशा वेळी शेतकऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : फवारा कशाचा मारावा? ‘औषध नाही’ एवढेच सांगून कार्यकर्त्याने निघून जाणे बरे नव्हे. कारण समजल्यावाचून कोणताही शेतकरी हाताने लावलेले झाड उपटावयास राजी होत नाही.

हा रोग काकडी मोझॅक विषाणूमुळे होतो. प्रथिनाच्या कवचात आर.एन.ए. या द्रव्याचे धागे, एवढाच त्याचा देह. विषाणूचे मुख्य धागे तीन असून त्यांवर प्रथिने बनविण्याच्या आज्ञा असतात. मात्र प्रत्येक धाग्याच्या शेपटाकडील सुमारे तीनशे घटकांत कोणत्याही प्रथिनाची आज्ञा नसते. हा भाग निरुपयोगी असता, तर तिन्ही धाग्यांत तो जवळजवळ एकसारखा टिकला नसता. त्याचे काम लिहिलेल्या आज्ञेने नव्हे, तर आकाराने चालते. जास्त पीळ दिलेली सुतळी जशी आपल्यावरच वळते, तसे हे शेपूट दुमडून त्याची ठराविक घडी बनते.

केळीच्या पेशीत ॲमिनो आम्ले वाहून नेणारे लहान आर.एन.ए. रेणू असतात. विषाणूचे शेपूट त्यांचेच सोंग घेते. पेशीतील जे एन्झाइम खऱ्या वाहकावर टायरोसिन हे ॲमिनो आम्ल चढविते, तेच फसून या शेपटावरही ते चढविते. असे सोंग प्रथम १९७० साली फ्रान्समधील संशोधकांस सलगमाच्या पिवळ्या मोझॅक विषाणूत आढळले. तेथे ॲमिनो आम्ल व्हॅलिन होते. धाग्याची नक्कल काढण्यास आरंभ होतो तोही याच शेपटापासून. काकडी मोझॅकच्या कुळातील, ब्रोम गवतावरील विषाणूत तर असे दिसले आहे की, शेपटाचे टोक झिजल्यास झाडाचे एन्झाइम ते दुरुस्त करून देते. घरच्या बैलांनीच चोराची गाडी ओढावी, तसा हा प्रकार!

बुरशीनाशक बुरशीच्या स्वतःच्या पेशीवर घाव घालते. विषाणूस पेशीच नाही. त्याचा बहुतेक कारभार झाडाच्या यंत्रणेवर चालतो. म्हणून झाडास धक्का न लावता विषाणू मारील असे फवारणीचे औषध आज उपलब्ध नाही. विक्रेता काहीही सांगो, त्यावर पैसा घालू नये.

रोगट झाड बरे होण्याची वाट पाहण्यात शेजारची झाडे जातात. मावा रोगट पानाचा रस थोडा वेळ शोषतो आणि लगेच निरोगी झाडावर रोग पोहोचवितो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत पुष्कळदा लागण होऊन गेलेली असते. यास्तव रोगट झाडावरील माव्याचा बंदोबस्त करून ते कंदासह उपटावे व बागेबाहेर पुरावे. बांधावर टाकू नये. बागेत वा लगत काकडीवर्गीय वेल, टोमॅटो, मिरची ही पिके घेऊ नयेत आणि तणे काढावीत, कारण हा विषाणू त्यांतही राहतो. रोगट बागेतील कंद लागवडीस मुळीच वापरू नयेत. ऊतिसंवर्धित रोपे विषाणूची तपासणी झालेलीच घ्यावीत व लावल्यानंतर पहिले काही महिने बाग वारंवार फिरून पाहावी, कारण कोवळ्या रोपांस लागण झाल्यास नुकसान सर्वांत अधिक होते.