विश्लेषण : आठ फुटी फळीवर राजूरची सायडिंग! मॉडेल रेल्वेच्या छंदात नवशिक्यांनी कोणते टप्पे गाठावेत?

वणी तालुक्यातील राजूरची ओळख कोळसा आणि चुना या दोन गोष्टींनी आहे. खाण, सायडिंग आणि कोळसा भरलेल्या वाघिणींची लांबच लांब रांग हे इथल्या मुलांसाठी रोजचे दृश्य. हेच दृश्य हुबेहूब, चालत्या गाडीसह घरात उभे करता येते. या छंदाला मॉडेल रेल्वे म्हणतात. मात्र अनेक जण महागडा संच घेतात, चार दिवस गाडी गोल गोल फिरवतात आणि मग सगळे खोक्यात भरून माळ्यावर टाकतात. कारण बहुतेकदा एकच असते. स्वप्न मोठे असते आणि मधले टप्पे ठरलेले नसतात. हे टप्पे कोणते, ते कसे गाठायचे आणि त्यासाठी राजूरसारखे गाव का सोयीचे, ते पाहू.

मॉडेल रेल्वे आणि खेळण्यातली गाडी यात फरक काय?

फरक प्रमाणाचा आहे. खेळण्यात इंजिन, डबा आणि स्टेशन यांचे माप एकमेकांशी जुळेलच असे नाही. मॉडेल रेल्वेत सगळे एकाच प्रमाणात लहान केलेले असते. जगात सर्वाधिक वापरले जाणारे प्रमाण ‘एचओ’ आहे. यात प्रत्येक वस्तू मूळ आकाराच्या ८७ पट लहान असते. ‘एन’ प्रमाणात ती १६० पट लहान असते.

पुण्यातील जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय एचओ प्रमाणातले आहे. भाऊसाहेब जोशी यांनी छंदातून उभारलेले हे संग्रहालय १९९८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याआधी त्यांनी हलवता येणाऱ्या मांडणीची प्रदर्शनेही भरवली होती. नवशिक्याने पाहण्यासारखी बाब हीच. आजची भव्य मांडणी हा शेवटचा टप्पा आहे, सुरुवात लहान मांडणीनेच झाली.

राजूरची पूर्ण मालगाडी घरात मावेल का?

आकडेमोड केली तर उत्तर लगेच मिळते. कोळसा वाहणारी ‘बॉक्स-एन’ वाघीण सुमारे १०.७ मीटर लांब असते. एचओ प्रमाणात ती १२.३ सेंटिमीटरची होते. ५८ वाघिणींचा पूर्ण रेक करायचा तर इंजिन सोडून सात मीटरहून अधिक, म्हणजे जवळपास २३ फूट जागा लागेल. बहुतेक घरांतल्या खोल्या एवढ्या लांब नसतात.

गोल मार्ग करायचा तरी अडचण आहेच. एचओ प्रमाणातल्या घट्ट वळणाची त्रिज्या साधारण ४५ सेंटिमीटर असते. म्हणजे पूर्ण वर्तुळाला कडेची जागा धरून चार फूट रुंदी हवी. शिवाय सहा आसांच्या लांब इंजिनांना असे वळण नीट झेपत नाही, गाडी रुळावरून उतरते. मांडणी भिंतीला लावली तर पलीकडे उलटलेल्या डब्यापर्यंत हातही पोहोचत नाही.

म्हणून नवशिक्याने पूर्ण मार्गाचा नाद सोडून सायडिंगपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. सायडिंगवर गाड्या हळू चालतात, वाघिणी थोड्या पुरतात आणि मोठ्या वळणांची गरज नसते. राजूरकरांना त्याचा नमुना शोधायला लांब जावे लागत नाही.

पहिला टप्पा : एक मीटर, एक मिनिट

सुरुवातीला एक इंजिन, एक कंट्रोलर आणि मीटरभर सरळ रूळ एवढेच घ्यावे. उद्दिष्टही एकच ठेवावे. इंजिनाने तो एक मीटर न अडखळता पूर्ण एका मिनिटात कापला पाहिजे. ८७ पट मोठे करून पाहिले तर हा वेग ताशी सुमारे ५.२ किलोमीटर होतो, म्हणजे माणसाच्या चालण्याइतका. खरे शंटिंगही असेच संथ चालते.

ही परीक्षा वाटते तितकी सोपी नाही. इंजिनाला वीज रुळांतून चाकांमार्फत मिळते. रुळावर धूळ असेल, सांधणी ढिली असेल किंवा चाके मळलेली असतील तर वेगात ते लक्षात येत नाही. संथ चालताना मात्र इंजिन लगेच थांबते. राजूरसारख्या कोळशाच्या आणि चुन्याच्या धुळीच्या गावात तर रूळ पुसणे हे रोजचेच काम. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले सुती फडके त्यासाठी पुरते. काम संपल्यावर मांडणीवर कापड टाकावे. हा टप्पा पार होईपर्यंत दुसरे इंजिन घेऊ नये.

दुसरा टप्पा : तीन फाटे, आठ वाघिणी

प्लायवूडची शीट साधारण आठ बाय चार फुटांची मिळते. तिची एक फूट रुंद पट्टी कापून घेतली की आठ फूट लांबीची फळी तयार होते. ती मधोमध कापून चार-चार फुटांचे दोन भाग केले तर मांडणी कपाटामागे उभी ठेवता येते.

या फळीवर ‘इंगलनुक सायडिंग’ हा प्रसिद्ध आराखडा बसतो. तो ब्रिटनमधील ॲलन राइट यांचा. त्यात दोन सांधे आणि तीन फाटे असतात. एका फाट्यावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. सांध्याबाहेरच्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी मावतील एवढीच जागा ठेवायची. एकूण वाघिणी आठ. त्यातल्या पाच वाघिणींच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जोडायची.

ऐकायला पोरखेळ वाटतो, पण आठांतून पाच वाघिणी क्रमाने निवडण्याचे ६,७२० प्रकार होतात. त्यामुळे एवढीशी मांडणीही लवकर कंटाळवाणी होत नाही. बॉक्स-एन वाघिणींचे माप धरले तर हा आराखडा साधारण सहा फुटांत बसतो. उरलेल्या दोन फुटांत कोळशाचा ढीग, वजनकाटा किंवा रस्ता दाखवता येतो. कोणतीही चिठ्ठी निघाली तरी एकही वाघीण हाताने न उचलता गाडी जोडता आली, की हा टप्पा पूर्ण झाला.

तिसरा टप्पा : तारा आणि तापमान

साध्या पद्धतीत रुळांना १२ व्होल्टपर्यंत डीसी वीज देतात. व्होल्टेज वाढवले की वेग वाढतो, ध्रुव उलटे केले की दिशा बदलते. डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनात एक छोटा डिकोडर असतो आणि त्याला स्वतःचा क्रमांक असतो. त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळी चालवता येतात. एका इंजिनाच्या सायडिंगला साधी पद्धत पुरेशी आहे.

रुळांच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार जोडावी. केवळ जोडपट्टीच्या भरवशावर राहिले तर काही महिन्यांत गाडी ठरावीक जागी थांबू लागते. सोल्डरिंग आणि मल्टिमीटरचा वापर ही दोन कौशल्ये याच टप्प्यावर शिकून घ्यावीत.

विदर्भात उन्हाचाही विचार करावा लागतो. चांगले मॉडेल रूळ ‘निकेल सिल्व्हर’चे असतात. नावात चांदी असली तरी हा तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे. हिवाळ्याच्या सकाळपासून मेच्या दुपारपर्यंत तापमानात ३० अंशांचा फरक धरला, तर आठ फुटी रूळ एक मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. फट ठेवली नसेल तर रूळ वाकतो. पावसाळ्यात प्लायही फुगतो, म्हणून फळीला खालूनवरून रंगाचा हात द्यावा.

चौथा टप्पा : गाव ओळखू आले पाहिजे

रुळाखाली खडी, बाजूला काळी पडलेली माती, दूरवर चुनाभट्टी, चहाची टपरी. इथून छंद यंत्राकडून निरीक्षणाकडे वळतो. बाजारातले तयार परदेशी घर ठेवण्यापेक्षा पुठ्ठ्यातून स्वतः केलेली टपरी मांडणीला राजूरचे रूप देते. मापे घेण्यासाठी मात्र रुळांवर किंवा सायडिंगच्या आवारात जाऊ नये. परवानगीशिवाय तिथे शिरणे रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. रस्त्यावरून काढलेला फोटो आणि वाघिणीची माहीत असलेली लांबी यावरून बाकीची मापे काढता येतात.

कुठवर पोहोचलो, हे कसे मोजायचे?

अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ही संस्था १९३५ पासून काम करते. नवशिक्यांसाठी तिचा ‘गोल्डन स्पाइक’ म्हणजे सोन्याचा खिळा हा सन्मान आहे. त्यासाठी किमान आठ चौरस फुटांची सजवलेली मांडणी, सहा डबे किंवा वाघिणी, पाच इमारती आणि तीन प्रकारचे रूळकाम लागते. दोन गाड्या एकाच वेळी चालतील अशी वीजजोडणी आणि सिग्नल किंवा दिव्यांसारखी एक जादा विद्युत सोय हवी.

यातला आठ चौरस फुटांचा आकडा लक्षात घेण्यासारखा आहे. आठ फूट लांब आणि एक फूट रुंद फळी नेमकी तेवढीच भरते. सदस्यत्व घ्यायचे नसले तरी ही यादी घरच्या घरी कसोटी म्हणून वापरता येते. मुदतही ठरवून घ्यावी. आपल्याकडे त्यासाठी गणेशोत्सवासारखी दुसरी तारीख नाही. देखाव्यात गाडी चालवायचीच असे ठरले की काम पुढे ढकलता येत नाही.

पुढचे उद्दिष्ट कोणते असू शकते?

यवतमाळकरांसाठी उत्तर जवळच आहे, शकुंतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापूस वाहून नेण्यासाठी टाकलेल्या यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गाची रुंदी ७६२ मिलिमीटर होती. मँचेस्टरमध्ये १९२१ मध्ये बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत या मार्गावर चालले. आता ती गाडी बंद आहे.

इथे गणित मॉडेलकाराच्या बाजूने आहे. भारतीय ब्रॉडगेजची रुंदी १,६७६ मिलिमीटर. एचओ प्रमाणात ती १९.३ मिलिमीटर व्हायला हवी. पण तयार एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात, कारण ते परदेशातील १,४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून बेतलेले आहेत. त्यामुळे तयार रुळांवरची आपली ब्रॉडगेज गाडी नेहमीच थोड्या अरुंद रुळावर धावते. शकुंतलेचे ७६२ मिलिमीटर मात्र ८.८ मिलिमीटर होतात आणि ‘एन’ प्रमाणाचे तयार रूळ नऊ मिलिमीटरचे मिळतात. फरक जेमतेम पाव मिलिमीटरचा. गाडी छोटी आणि डबे मोजके असल्याने जागाही कमी लागते. इंजिन-डबे जवळून पाहण्यासाठी नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे.

खाणी कधी तरी संपतात आणि सायडिंगचे रूळ उखडले जातात. शकुंतलेचे डबे कसे होते, स्टेशनावर पाण्याची टाकी कुठे होती, हे सांगणारी माणसेही दरवर्षी कमी होत आहेत. घरातल्या ज्येष्ठांना विचारून, मापे जुळवून केलेली छोटी मांडणी ही त्या काळाची नोंद ठरते. त्यासाठी ती आधी पूर्ण व्हायला हवी. म्हणून सुरुवात एक मीटर रुळानेच करावी.