वारंवार सुजणारे टॉन्सिल्स आणि वनस्पतींचे अर्क

शाळा सुरू होते, पाऊस लागतो आणि पाठोपाठ मुलांचे घसे धरायला लागतात. ताप, गिळताना दुखणे, जेवणाला नकार. एखाद्या वेळचे आजारपण घर निभावून नेते. पण दर दीड-दोन महिन्यांनी तेच होऊ लागले की आईवडील हवालदिल होतात, आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ एखादी वनस्पतींच्या अर्काची बाटली घरात येते. हा अर्क मुलाच्या शरीरात नेमके काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

टॉन्सिल्सचे काम

पडजिभेच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या या गाठी प्रतिकारसंस्थेचाच भाग आहेत. त्यांच्या पृष्ठभागावर खोल, फाटे फुटलेल्या खाचा असतात. तोंडातून-नाकातून येणारे विषाणू व जिवाणू या खाचांत अडकतात, आतल्या पेशी त्यांची ओळख पटवतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. साधारण चार ते दहा या वयात हे काम सर्वांत जोरात चालते. पुढे गाठी हळूहळू आक्रसतात. म्हणजे टॉन्सिल्स सुजतात तेव्हा मुलाची प्रतिकारशक्ती कमी असतेच असे नाही. पुष्कळदा ती तिथे लढत असते, म्हणूनच सूज आणि ताप येतो.

घसा कशाने दुखतो?

मुलांच्या घसादुखीला बहुतेक वेळा विषाणू कारणीभूत असतात आणि ती आपोआप बरी होते. सुमारे 20 ते 30 टक्के मुलांत मात्र ‘स्ट्रेप्टोकोकस’ गट ‘अ’ हा जिवाणू असतो. त्यावर उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. भारतात हा आजार अजून संपलेला नाही. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचा दहा दिवसांचा पूर्ण कोर्स हा धोका टाळतो. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत सुरू केला तरी तो उपयोगी पडतो. हे काम कुठलाही अर्क करू शकत नाही.

अर्कात असते काय?

घरचा काढा म्हणजे पाण्यात उकळून उतरलेले वनस्पतीतील घटक. पाने किती, पाणी किती, यावर त्याची तीव्रता बदलते. कारखान्यातला अर्क ठरावीक प्रमाणात, पुष्कळदा पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात काढतात. म्हणून लेबलवरील अल्कोहोलचे प्रमाण वाचायलाच हवे.

घटकांचे परिणाम वेगवेगळे असतात. ज्येष्ठमधातील चिकट द्रव्ये घशावर थर देऊन खवखव कमी करतात. सालीतील तुरट टॅनिन्स श्लेष्मल त्वचा आवळतात. दक्षिण आफ्रिका आणि लेसोथोत उगवणाऱ्या ‘पेलार्गोनियम सिडॉइडिस’ या वनस्पतीच्या मुळाचा अर्क जर्मनीत फार वापरतात. प्रयोगशाळेत त्याच्यामुळे स्ट्रेप्टोकोकस जिवाणू घशाच्या पेशींना कमी चिकटले. पण काचेच्या बशीत दिसलेला परिणाम मुलाच्या घशातही दिसेलच, असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी मुलांवरच चाचण्या लागतात.

चाचण्यांत काय दिसले?

पेलार्गोनियमची अशी एक चाचणी 2003 साली प्रसिद्ध झाली. घसा-टॉन्सिल्सला तीव्र सूज असलेल्या सहा ते दहा वर्षांच्या 143 मुलांपैकी काहींना अर्क, तर काहींना औषध नसलेले तसेच दिसणारे द्रावण दिले. अर्क घेणाऱ्यांची लक्षणे लवकर उतरली. इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. स्ट्रेप्टोकोकस गट ‘अ’ असलेली मुले या चाचणीत घेतलीच नव्हती. शिवाय ही चाचणी चालू दुखण्यापुरती होती. अर्क घेऊन पुढची दुखणी टळतात, हे तिने दाखवले नाही.

‘इकिनेशिया’ या अमेरिकी फुलझाडाच्या अर्काची कथा आणखी बोलकी आहे. दोन ते अकरा वर्षांच्या 407 मुलांच्या 707 सर्दी-घसादुखींचा अमेरिकेत अभ्यास झाला. अर्काने आजाराचे दिवस कमी झाले नाहीत. उलट पुरळ उठण्याचे प्रमाण अर्क घेणाऱ्यांत 7.1 टक्के होते, इतरांत 2.7 टक्के. पुढे 2012 मध्ये ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने बारा वर्षांखालील मुलांना इकिनेशिया देऊ नये, असा सल्ला दिला.

मग गुण आल्यासारखे का वाटते?

वारंवार घसा सुजणाऱ्या पुष्कळ मुलांचा त्रास वयाबरोबर आपोआप घटतो. पिट्सबर्गमध्ये जॅक पॅरडाइज यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, टॉन्सिल्स काढण्याची शस्त्रक्रिया न केलेल्या अनेक मुलांचे आजारपणही पुढे कमी झालेले दिसले. शिवाय आईवडील नवे औषध सुरू करतात ते त्रास अगदी कळसाला पोचल्यावर. त्यानंतर काहीही दिले तरी उतार पडण्याची शक्यता जास्त, आणि श्रेय त्या बाटलीला मिळते. म्हणून ‘आमच्या मुलाला गुण आला’ हा अनुभव खरा असला तरी तो पुरावा ठरत नाही.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. पुढे 13 केंद्रांतील अशाच 43 रुग्णांची माहितीही प्रसिद्ध झाली. मुलाला महिनोन्‌महिने गुळवेल देणाऱ्यांनी याची दखल घ्यावी. कावीळ, गडद लघवी किंवा सततची मळमळ दिसली, तर अर्क थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे. ज्येष्ठमध फार काळ, फार प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला काढ्यातूनही मध देऊ नये.

आता काय करावे?

एक वही ठेवा. प्रत्येक वेळी तारीख, ताप किती, खोकला होता का, टॉन्सिल्सवर पांढरे डाग होते का आणि कोणते औषध दिले, ते लिहा. गेल्या वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा असे दुखणे डॉक्टरांच्या नोंदीत आले, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. हे निकष पॅरडाइज यांच्याच अभ्यासातून आले. ताप 101 अंशांच्या वर गेला, खोकला नाही आणि मानेच्या गाठी दुखत असतील, तर घशाच्या स्वॅबची तपासणी विचारा. मुलाची लाळ गळू लागली, तोंड उघडेना, श्वासाला त्रास होऊ लागला किंवा पाणीही जाईना, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

अर्क द्यायचाच असेल, तर लेबल पाहून आणि डॉक्टरांना सांगून द्या. ‘साधा काढाच आहे’ म्हणून तो लपवू नका. त्याने घसा थोडा शांत होईल, कदाचित एखादा दिवस वाचेल. पण स्ट्रेप्टोकोकस आढळल्यावर अँटिबायोटिकचा कोर्स मध्येच सोडू नका. मुलाचे हृदय वाचवणारे औषध तेच आहे.