कॅम्प, धावपट्टी आणि खाडीतलं आरमार

रिक्षात बसताना ‘कॅम्प पाच’ एवढं म्हटलं की उल्हासनगरात पुढचं काही सांगावं लागत नाही. जुन्या पत्त्यांत आधी बॅरेकचा नंबर, मग खोलीचा. हा कॅम्प कोणाचा, हे मात्र कुणी विचारत नाही.

तो होता दुसऱ्या महायुद्धातला ‘कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प’. ६ हजार सैनिक आणि इतर ३० हजार माणसांची सोय करायची म्हणून ब्रिटिशांनी इथल्या माळावर २,१२६ बॅरेकी उभ्या केल्या. बहुतेकींची रचना एकच: मधे लांबलचक हॉल, दोन्ही टोकांना खोल्या. हीच जागा का, ते रेल्वेचा नकाशा पाहिला की कळतं. पुण्याकडची आणि नाशिककडची लाइन कल्याणला एकत्र येते आणि तिथून मुंबई बंदरही फार दूर नाही. युद्ध संपलं, फाळणी झाली आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये सिंधी निर्वासित उतरले, सुमारे लाखभर. जवानांच्या खाटांच्या रांगा होत्या तिथे आता गोणपाटाच्या आडोशाने कुटुंबं वेगळी झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या गावाची कोनशिला बसली. नाव मिळालं नदीवरून. लोकांच्या तोंडी राहिला तो ‘कॅम्प’च.

हीच नदी आपल्याला आरमारापर्यंत नेते. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास कर्जत, बदलापूरवरून येते आणि कल्याणला तिची खाडी होते. २४ ऑक्टोबर १६५७, वसुबारस. त्या दिवशी कल्याण-भिवंडी शिवरायांच्या स्वराज्यात आली आणि पहिल्यांदाच खाडीचं पाणी मराठ्यांच्या हाती लागलं. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी आजही भरतीचं पाणी चढतं. दोन वर्षांत इथे गलबतं बांधणं सुरू झालं. सिद्दीविरुद्ध २० लढाऊ नावा तयार होत आहेत, अशी नोंद १६५९ च्या पोर्तुगीज कागदपत्रांत आहे. कामावर होता रुई लैतांव व्हिएगश नावाचा पोर्तुगीज आणि त्याच्या हाताखाली तीनशेहून जास्त माणसं. वसईच्या पोर्तुगीजांना ही नावबांधणी रुचणार कशी? आज सिद्दीवर चाललेली होडी उद्या आपल्यावर येईल, हे त्यांनी ओळखलं आणि व्हिएगशचं मन वळवलं. एका रात्री तो माणसांसकट पळाला. मला या पळून जाण्याचं महत्त्व विजयाइतकंच वाटतं. परका कारागीर निघून गेला तरी काम थांबलं नाही. कोकणातल्या सुतारांनी, कोळी-भंडाऱ्यांनी ते पुढे नेलं.

आता मलंगगडाच्या रस्त्याने नेवाळीला चला. उल्हासनगरच्या कॅम्पसारखीच इथे त्याच महायुद्धातली धावपट्टी आहे. तिच्यासाठी १९४२ च्या सुमारास आसपासच्या गावांची शेतजमीन घेतली गेली. युद्धानंतर ती परत मिळायला हवी होती, असं गावकरी म्हणतात; नौदल म्हणतं, जमीन आमची. समुद्रापासून इतक्या आत नौदलाची भिंत उभी राहताना पाहून २२ जून २०१७ ला लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गाड्या पेटल्या. जाळपोळीचं समर्थन नाहीच. पण ज्याच्या आजोबांनी त्या जमिनीत भात लावला होता, त्याच्या लेखी महायुद्ध १९४५ ला संपलेलं नाही.

अंबरनाथला आयुध कारखाना आहे, १९५३ पासूनची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीही आहे. पण आपल्या विषयाला जवळची ती नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा, डीआरडीओची. डिझेल पाणबुडीची खरी अडचण श्वासाची असते. बॅटऱ्या उतरल्या की चार्ज करायला डिझेल इंजिन चालवावं लागतं, त्यासाठी हवा लागते, म्हणून पाण्याच्या पृष्ठभागाजवळ यावं लागतं आणि तिथेच शत्रूला ती सापडते. अंबरनाथकरांनी यावर इंधन घट तयार केला. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन वीज मिळते, उरतं ते पाणी. हायड्रोजनच्या टाक्या वाहून न्यायच्या नाहीत. तो पाणबुडीतच तयार होतो. ८ मार्च २०२१ रोजी जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. ३० डिसेंबर २०२४ ला ही यंत्रणा पाणबुडीत बसवण्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटींचा करार झाला. कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांसाठी ती आहे आणि त्यांतल्या एकीचं नाव ‘खांदेरी’, शिवरायांच्या जलदुर्गाचं.

प्रयोगशाळेचं दप्तर सरकार सांभाळेल. बॅरेकींचं आणि नेवाळीच्या शेतांचं कोण सांभाळणार? बॅरेकींच्या जागी इमारती उठल्या आहेत. म्हणून या भागातल्या वाचकांना एक विनंती. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरच्या ट्रंकेत बॅरेकच्या वाटपाचा कागद, निर्वासिताचं कार्ड किंवा १९४२ पूर्वीचा जमिनीचा उतारा सापडला, तर तो रद्दीवाल्याला देऊ नका. आधी फोटो काढा, त्या फोटोमागे आजोबांचं नाव आणि बॅरेकचा नंबर लिहा, मग कागद परत ट्रंकेत ठेवा.